कुरडयांचा पिंजरा

गेल्या उन्हाळ्यात मी एका वस्तूचं डिझाइन केलं आणि ती वस्तू पिंपळे गुरवमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अजूनही वापरात आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मधला मजकूर वाचून कोणाचाही समज वेगळा होऊ शकतो.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. आमचं काम डिझाइन करणं नाही, दुसऱ्यांच्या डिझाइनमधल्या चुका काढणं. (घरी हा स्वभाव चालत नाही. आमटीच्या बाबतीत तर अजिबात नाही.) पण कंपनीने ठरवलं की यापुढे प्रत्येकाने नव्या कल्पना काढायच्या, आणि त्यासाठी एक प्रशिक्षक बोलावला. त्याने आम्हाला सात प्रश्न शिकवले. कुठलीही वस्तू समोर ठेवायची आणि विचारायचं : यातलं काय बदलता येईल? याला काय जोडता येईल? दुसरीकडून काय उचलता येईल? काय लहान-मोठं करता येईल? आणखी कशाला वापरता येईल? काय काढून टाकता येईल? आणि उलटं केलं तर? क्रमाने विचारत जा, कल्पना आपोआप सुचतील, असं तो म्हणाला. नमुन्याला त्याने जेवणाचा डबा घेतला. चहाच्या सुट्टीपर्यंत आमच्या फोरमनने त्या डब्याला चाकं, दिवा आणि हॉर्न लावून आरटीओ पासिंगचा मुद्दा काढला होता.

मी भारावून घरी आलो. प्रश्न तयार होते, फक्त अडचण हवी होती.

ती घरात कपाळाला हात लावून बसली होती. म्हणजे सुनंदा, माझी बायको. रविवारी तिच्या भाचीचं लग्न होतं आणि रुखवतातल्या कुरडया करायचं तिने अंगावर घेतलं होतं. बैठकीत मुलीची होणारी सासू म्हणाली होती, "हल्ली घरी कोण करतंय? विकतच्या ठेवा, कोणाला कळतंय?" त्यावर सुनंदा म्हणाली होती, "मला कळतं." चारचौघांत असं बोलून झाल्यावर माघार नसते. आणि नेमका पहिला घाणा गच्चीवर कबुतरांनी संपवला होता. दुसऱ्यासाठी गहू भिजत घातले होते. गहू भिजून, वाटून, चीक निघेपर्यंत गुरुवार उजाडणार. तोही घाणा गेला, तर रुखवतात दुकानाच्या कुरडया आणि त्यांच्यामागे सासूबाईंचं हसू.

"जुनी साडी घालून बघितली, छत्री लावली," सुनंदा म्हणाली. "मेली छत्रीच्या सावलीत बसून खातात."

"आपण प्रश्न विचारू," मी म्हणालो.

"माझा एकच प्रश्न आहे. गुरुवारी तुमची सुट्टी आहे, तर खुर्ची टाकून बसाल का राखणीला?"

मी हसलो. (हे हसू पुढे मला महागात पडलं.) "अगं, माणूस बसवणं हा उपाय नसतो. आमच्या कंपनीत असा उपाय लिहून दिला तर कागद परत येतो. माणूस झोपतो, माणूस विसरतो. व्यवस्था हवी, व्यवस्था."

आमची केतकी माणच्या एका आयटी कंपनीत आहे. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, वापरणाऱ्याला विचारलंत का, त्याला काय हवंय?"

"आई सांगतेय ना."

"तेच म्हणतेय मी. ती सांगतेय."

मी पहिल्या प्रश्नाकडे वळलो. काय बदलता येईल? साडीऐवजी जाळी. काय जोडता येईल? जाळीला सांगाडा. सांगाड्यासाठी मी दापोडीला मुनीरभाईंकडे गेलो. मुनीरभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि आमच्या खिडक्यांच्या जाळ्या त्यांच्याच हातच्या. मी त्यांना सातही प्रश्न समजावले. ही माझी चूक झाली, कारण ते माझ्याहून जास्त भारावले.

"दुसरीकडून काय उचलायचं, साहेब?"

"आमच्या लाइनवर माल अडकला की भोंगा वाजतो."

"मग भोंगा लावू. जाळी हलली की वाजला पाहिजे. आता मोठं-लहान. मोठं केलं तर?"

"किती मोठं?"

"माणूस आत उभा राहील इतकं. राव, एवढी मेहनत करायची आणि वाकून कुरडया उचलायच्या?"

मला ते पटलं. आणखी कशाला वापरता येईल, या प्रश्नावर आमच्या जुन्या कूलरचा पंखा आठवला. वारा लागला की कुरडया लवकर वाळतील.

"काय काढून टाकता येईल?" मुनीरभाईंनी दाराकडे बघून विचार केला. "आतली कडी. आत कडी कोणाला पाहिजे? कबुतराला?"

"वा," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

"आणि उलटं केलं तर? बघा, माणूस दार लावायला विसरतो. उलटं करू. दार स्वतःच लागेल. स्प्रिंग टाकतो, बाहेरची कडीही आपोआप पडेल."

बुधवारी संध्याकाळी गच्चीवर पिंजरा उभा राहिला. त्यात एखादा बिबट्या सुखाने राहिला असता. सुनंदाने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि "बरं" एवढंच म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी त्या "बरं"चा अर्थ शिकलो आहे, पण त्या दिवशी मी डिझायनर होतो.

गुरुवारी सकाळी दाराला वीट लावून आम्ही दोघांनी आत कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, एकीसारखी दुसरी. सुनंदा खाली गेली. मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन आलो, कारण कुरडयांचा व्यास एकसारखा आहे का हे पाहायला कोणीच सांगितलं नव्हतं. वीट बाजूला सारली आणि आत गेलो. दार स्वतःच लागलं. अगदी ठरल्याप्रमाणे.

आतून कडी नव्हती. मोबाइल खाली चार्जिंगला होता. आणि पंख्यामागून दोन कबुतरं बाहेर आली. दाराला वीट होती, तेव्हाच ती आत येऊन बसली असणार.

म्हणजे जगातली बाकी सगळी कबुतरं बाहेर होती आणि ही दोन कुरडयांसोबत आत, कडेकोट बंदोबस्तात. मी त्यांच्यामागे खांद्यावरचा टॉवेल घेऊन धावलो. पायाखाली कुरडया होत्या, त्यामुळे धावणं भरतनाट्यमसारखं दिसत असावं. जाळी हलली, भोंगा वाजला. मी ओरडलो, पण भोंगा माझ्याहून मोठ्याने वाजत होता. खाली सगळ्यांना वाटलं, चाचणी चालू आहे. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी तर अंगठा वर करून दाखवला.

शेवटी दमून मी सकाळपासून आतच राहिलेली बादली पालथी घालून तिच्यावर बसलो आणि कबुतरांकडे नुसतं पाहत राहिलो. तर ती कोपऱ्यात गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या पारूआजी मिरच्या वाळत घालायला आल्या. आमची इमारत व्हायच्या आधी इथे त्यांचंच वावर होतं.

"कोन हाय रं आत?"

"आजी, मी आहे."

"व्हय, त्ये दिसतंय. पन आत का हायस?"

"दार लागलं. जरा कडी काढा."

आजींनी कडी पाहिली, मग टाकीवरची कबुतरं पाहिली. सगळी टाकीच्या पलीकडच्या कडेला सरकली होती. "थांब जरा," म्हणाल्या. त्यांनी पिंजऱ्याला लागून मिरच्या पसरल्या. "बसलाच हायस तर हिकडंबी ध्यान ठेव. सुनंदाला धाडते."

सुनंदा यायच्या आधी आणखी दोघींची वाळवणं आली. निरोप फार रेंगाळत खाली गेला असणार.

सुनंदा आली ती थेट कुरडयांकडे बघत. तिने दार उघडलं, तशी आधी कबुतरं बाहेर पडली, अगदी घाईने. चिरडलेल्या कुरडया तिने वेचल्या. पाच-सहा निघाल्या, सगळ्या माझ्या पायाखालच्या. कबुतरांच्या नावावर एकही नव्हती.

"काय हो, तुमचा तो काढून टाकायचा प्रश्न कितवा?"

"सहावा."

"तो विचारायचाय मला."

मुनीरभाईंना बोलावणं गेलं. आधी भोंगा काढला. कबुतरं आली नाहीत. पंखा काढला, जाळी काढली, सांगाडा कापून बाजूला ठेवला. तरी आली नाहीत. गच्चीवर आता कुरडया होत्या आणि बादलीवर मी.

"आता तुम्ही उठा," सुनंदा म्हणाली.

मी उठलो. टाकीवरून पाच कबुतरं उतरली.

"बसा."

मी बसलो. पाचही परत गेली. हे तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. आमच्या खात्यात याला पडताळणी म्हणतात.

"असं का होतं पण?" मी विचारलं.

"बाबा, तो तुमचा तपासणीचा चेहरा आहे," एव्हाना वर आलेली केतकी म्हणाली. "आम्ही लहानपणापासून बघतोय."

मुनीरभाई सांगाड्यावर हात फिरवत होते. "साहेब, पाचवा प्रश्न आठवतोय? आणखी कशाला वापरता येईल?" त्यात आता त्यांच्या कोंबड्या राहतात.

शुक्रवारी मी रजा काढली, शनिवारीही. रविवारी रुखवतात कुरडया अशा मांडल्या होत्या की लोक दागिने सोडून तिकडे वळत होते. नवऱ्या मुलाच्या आईने एक उचलली, उजेडाकडे धरली. "कुठल्या दुकानातल्या हो? आम्हालाही सांगा."

"घरच्या आहेत," सुनंदा म्हणाली. "ह्यांनी स्वतः राखल्यात." आयुष्यात कधी माझी छाती इतकी फुगली नव्हती. जेवणात मी जिलेबी मोजली नाही.

यंदा चैत्र लागला आणि बी विंगमधल्या दोघीजणी आमच्या दारात आल्या. "वहिनी, तुमचं ते कबुतरांसाठी असतं ना, ते एक दिवस मिळेल का?"

सुनंदाने सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"न्या की. दुपारी एकदा चहा द्यावा लागतो. आणि प्रश्न विचारायला लागले, तर लक्ष देऊ नका."

वापराच्या सूचना इतक्या थोडक्यात आणि इतक्या अचूक आमच्या कंपनीत आजवर कोणाला लिहिता आलेल्या नाहीत.