आलेल्या कळा, आणलेल्या कळा

माझा मुलगा झाला तेव्हा कळा आपसूक आल्या होत्या. सक्करदऱ्याच्या बाजारात वांगी निवडत होते, तेवढ्यात कंबरेतून काहीतरी सरकत पोटापर्यंत आलं आणि गेलं. मी वांगी घेतली, कोथिंबीर घेतली, घरी येऊन भाजी फोडणीला टाकली. कळ आली की ओटा धरून उभी राहायची, ओसरली की पुन्हा कामाला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "आता तरी चाल वं दवाखान्यात, का इथंच बाळंत होशीन?"

दवाखान्यातही दोन कळांच्या मधे मी गप्पा मारल्या, चहा प्यायले, एक डुलकीसुद्धा काढली. कळा हळूहळू वाढत गेल्या, तसं अंगही सरावत गेलं.

दुसऱ्या वेळी तारीख उलटून गेली तरी पोटात सगळं शांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता जास्त थांबायला नको. औषधाने कळा आणू." सकाळी केस विंचरून, बॅग भरून, गावाला जावं तसे आम्ही निघालो. सलाईन लागलं. बाळाचे ठोके दाखवणारा पट्टा पोटाला बांधला.

"तुम्ही उगाच सुट्टी टाकली," मी नवऱ्याला म्हटलं. "मले माहीत आहे सारं."

बराच वेळ काहीच झालं नाही. सिस्टरने सलाईनचा वेग जरा वाढवला. मग आली ती पहिलीच कळ जोरात, आणि ती पुरती ओसरते न ओसरते तोच दुसरी. तिच्या पाठोपाठ तिसरी. मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

"मागच्या वेळी तर तू झोपली होती ना?" नवऱ्याने भाबडेपणाने विचारलं.

"आता झोपली दिसून राहिली का मी तुमाले?"

माझा आवाज ऐकून सिस्टर धावत आली. तिने पोटावर हात ठेवला, ठोक्यांचा कागद पाहिला. "ताई, कळा फार जवळजवळ येऊन राहिल्या. बाळालेही मधे उसंत पाहिजे." डॉक्टरीणबाईंना विचारून तिने थेंब कमी केले. थोड्या वेळाने मधे मोकळी जागा मिळाली, आणि मला एकदम रडूच आलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "काहून वं, रडून राहिली?"

"आई, ह्या कळा येगळ्याच आहेत."

वाटलं, आता आपल्या सगळ्या बाळंतपणांची कहाणी सांगतील. पण त्या म्हणाल्या, "असतील वं. मले कुठं कोणी सलाईन लावली होती!" आणि बाजूला बसून माझी कंबर दाबू लागल्या. प्रत्येक कळेला त्यांचा हात बरोबर जागेवर पडायचा. ओरडायचं तेवढं मी ओरडून घेतलं.

दुपार कलताना मुलगी झाली. ओली, लालबुंद, मुठी आवळलेली. तिला माझ्या छातीवर ठेवलं.

सासूबाईंनी लगेच रामटेकच्या बहिणीला फोन लावला. "पोरगी झाली वं! दोघी बऱ्या आहेत. आवाज आयक तिचा, सारा दवाखाना डोक्यावर घेतला तिनं," म्हणत त्यांनी फोन बाळाच्या तोंडाशी धरला.

बाळ नेमकं तेव्हाच गप्प झालं.