कापलेली वायर

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला जिंतूरची भाड्याची खोली आठवते आणि आजही डोकं तापतं. मुलगी तेव्हा जेमतेम महिन्याची होती, वर तापलेले पत्रे, तिच्या अंगभर घामोळं उठलेलं. घरमालकाचं आणि आमचं मीटर एकच होतं. एका दुपारी नवरा कामावर असताना मालक पक्कड घेऊन आत आला. "बिल लय यायलंय, कमी करायचं तर हे बंद," म्हणत त्यानं आमच्या कूलरची वायर कापली. मी म्हणाले, "लेकराकडं तरी बघा." "आमची लेकरं पंख्याखालीच वाढली," म्हणून तो निघून गेला. मी मुलीला उचललं, सरळ त्याच्या बैठकीत गेले आणि तिथल्या भल्यामोठ्या कूलरसमोर तिला निजवलं. "उठा इथून," त्याची बायको म्हणाली. "वायर जोडली की उठते," मी म्हणाले. तिनं बटणाकडे हात नेला, तसा मालकच म्हणाला, "राहू दे, मलाबी उकडायलंय." मग संध्याकाळपर्यंत मी मुलीजवळ तिथंच बसून राहिले. शेवटी त्यानं मुकाट्यानं वायर जोडली, तेव्हाच मी उठले. आता माझ्या घरी भाडेकरू आहेत, त्यांना मी पहिल्याच दिवशी वेगळं मीटर बसवून दिलं. त्या माणसाला मात्र मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.