जुन्या ट्रम्पेटची चार भोकं

हॉलंडमधल्या हार्लेमच्या त्या वाद्यवृंदात सगळं सोवळ्यात चालायचं. व्हायोलिनच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या, बासऱ्या लाकडाच्या, आणि पट्टी आजच्यापेक्षा उतरलेली. अठराव्या शतकाला शिवायचं तर चालू शतक आधी दाराबाहेर काढून ठेवावं लागे. चष्मे आणि कवळ्या यांना तेवढी सूट होती.

गेरब्रांड विअर्स्मा तिथे तीस वर्षं ट्रम्पेट वाजवत होता. जुन्या घाटाचं ट्रम्पेट: लांबलचक नळी आणि दाबायला एकही कळ नाही. अशा नळीतून एक-दोन सूर जन्मतःच तिरपे निघतात. म्हणून गेरब्रांडच्या नळीला चार बारीक भोकं पाडलेली होती. योग्य भोकावरचं बोट उचललं की सूर सरळ. खऱ्या जुन्या ट्रम्पेटला ही भोकं नव्हती. पण आजचे बरेच वादक ही पळवाट वापरतात आणि त्यावर बोलत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग लाम्बर्ट हा तरणाबांड संचालक आला. वाक्यागणिक 'अस्सल' म्हणायचा. नाताळच्या मैफलीच्या जाहिरातीत त्याने छापूनच टाकलं: 'ट्रम्पेट, भोकांविना!'

"जमेल ना, गेरब्रांड? नाहीतर बेल्जियममधल्या गेंट शहरातला एक जण यायला तयार आहे."

"जमेल की," गेरब्रांड म्हणाला. खुर्ची जायची वेळ आली की माणूस कशालाही हो म्हणतो.

घरी भोकांवर चिकटपट्ट्या लावून तो रोज फुंकत बसला. बायको त्यित्स्के वाटाण्याचं सूप ढवळत होती.

"हे असं वाजवणार आहेस?"

"तेव्हा असंच वाजायचं."

"मग तेव्हाची माणसं चर्चमधून पळून कशी गेली नाहीत?"

तालमीत तो तिरपा सूर आला आणि लाम्बर्टने दोन्ही हात वर केले.

"थांबा, थांबा! गेरब्रांड, हे काय?"

"अस्सल."

"अहो, बेसूर आहे हे!"

"तेव्हाही होतंच."

बासरीवाली खुदकन हसली. लाम्बर्ट लाल झाला. "मी अस्सल मागितलं होतं, वाईट नव्हे. मैफलीत हा सूर सरळ लागला पाहिजे. नाहीतर गेंटला फोन करतो."

गेरब्रांडने घरी येऊन पट्ट्या सोलून काढल्या.

"काढ, खुशाल काढ," त्यित्स्के म्हणाली. "पण त्याला सांग. लोकांनाही कळू दे."

"सांगितलं तर खुर्ची जाईल."

"आणि नाही सांगितलं तर काय जाईल?"

त्याने सूपचा वाडगा पुढे ओढला.

चर्चमधल्या मैफलीत प्रत्येक सूर दोरीसारखा सरळ लागला. लाम्बर्ट घामाघूम होऊन लोकांकडे वळला आणि गेरब्रांडला हाताला धरून पुढे घेऊन आला.

"ऐकलंत? एकही भोक नाही! असा वाजायचा तो काळ. गेरब्रांड, दाखवा बरं ट्रम्पेट."

गेरब्रांडचे कान तापले. मनगट जरा फिरवलं असतं तर भोकं सगळ्यांना दिसली असती. त्याने ट्रम्पेट उंच धरलं, भोकं स्वतःकडे ठेवून, आणि वर कमरेत वाकून अभिवादनही केलं. लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

इकडे कुठल्याही मैफलीनंतर लोक उभे राहतातच. बसून टाळ्या वाजवणं उद्धटपणाचं मानतात. सगळं चर्च उभं राहिलं. तिसऱ्या रांगेत एकटी त्यित्स्के मांडीवर कोट घेऊन बसून राहिली.