चंद्रावरचं मंजन

"गिळ! थुंकायचं न्हाई, गिळायचं!"

निमसे गुरुजींच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले शब्द. पारनेर तालुक्यातल्या त्या दोनशिक्षकी शाळेत मी बदलून आलो, तेव्हा पटांगणात चाळीसेक पोरं रांगेत उभी राहून बोटानं दात घासत होती आणि मान वर करून मंजन गिळत होती. गुडघ्यापर्यंत चढलेलं धोतर सावरत गुरुजी प्रत्येकाचा जबडा उघडून पाहत होते.

बहात्तरचा दुष्काळ होता. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, चूळ भरणं म्हणजे चैन. अशात एसटीनं दोन दिवस शिळं होऊन आलेल्या वर्तमानपत्रात गुरुजींनी वाचलं की, चंद्रावर जाणारे अंतराळवीर मंजन थुंकत नाहीत, गिळतात.

"का थुंकत न्हाईत?" ते भर वर्गात मला विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "तिथं वजनच नसतं, मास्तर. थुंकी खाली पडतच न्हाई. तरंगत जाती अन् म्होरल्या गड्याच्या डोळ्यावर बसती. मग चंद्र ऱ्हायला बाजूला, भांडणंच सुरू!"

मंजन त्यांच्या घरीच व्हायचं. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, मीठ, लवंगेची पूड आणि बऱ्यापैकी गूळ. मी एकदा म्हणालो, "गुरुजी, गुळानं दात किडतात."

"व्हय का? मग तर दोनदा घासाया पायजेत!"

त्या दिवसापासून दुपारीही दात घासणं सुरू झालं. घासायला बोटभर पुरलं असतं, पण गुरुजी प्रत्येकाच्या हातावर मूठभर ठेवायचे. आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं पोर दिसलं की तिथंच गाठायचे. "आरं, माणूस चंद्रावर गेला अन् तुला शाळेपत्तूर येववत न्हाई?" पोरं येऊ लागली. पटावरची झाडून सगळी.

कुणीतरी तालुक्याला कळवलं की गुरुजी पोरांना काहीबाही चारतात. एका सकाळी दिपोटीसाहेब, म्हणजे आमच्या शाळा तपासणारे अधिकारी, धुळीनं माखून दारात उभे राहिले. चूळ भरायला त्यांनी पाणी मागितलं.

"साहेब, चूळ चंद्रावर बी भरत न्हाईत," म्हणत गुरुजींनी त्यांच्या हातावर मंजन ठेवलं. "घासा."

साहेबांनी आधी वास घेतला, मग चव घेतली. चव आवडली असावी, कारण ते मन लावून घासू लागले. चाळीस पोरं श्वास रोखून बघत होती. शेवटी सवयीप्रमाणे सगळी एका सुरात ओरडली, "गिळा!"

साहेब दचकले आणि गिळून बसले. मग त्यांनी जिभेनं पुढचे दात चाचपले. एकदा, दोनदा. चेहरा पडला.

"निमशे," ते म्हणाले, "माझा दात कुठाय?"

पुढचा एक दात खोटा होता, काढघालीचा. 'निमसे'चं 'निमशे' झालं तेव्हाच मला सगळं कळलं. पोरांना हसू आवरेना. गुरुजी मात्र गंभीर होते. "साहेब, निघायच्या आधी दात पक्के करून घ्यायचे असत्यात. ती चंद्रावर जानारी मान्सं तसंच करत्यात."

आठ दिवसांनी साहेब परत आले. बोलायला तोंड उघडलं, तर दात जागेवर! गुरुजींनी सरळ विचारलं, "घावला का, साहेब?"

"घावला," एवढंच म्हणून साहेबांनी बदलीचा हुकूम पुढं केला. जामखेडच्या बाजूला.

गुरुजी सामान बांधत होते तेव्हा मी उरलेल्या मंजनाचा डबा त्यांच्यापुढं ठेवला. तो जड होता. मनात साचलेलं विचारलं, "गुरुजी, दात घासायला एवढं मंजन लागतं का हो?"

त्यांनी वाकळेची गाठ मारली. "घरात दाना नसल्याल्या पोराला खायाला दिलं, तर ते मान खाली घालून खातं, मास्तर. पुन्हा येत न्हाई. दात घासाया दिलं की हक्कानं हात पुढं करतं."

मला तोंड वर करून त्यांच्याकडे बघवेना. इतके दिवस रोज डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मी गुळाची शंका काढत बसलो होतो.

ते गेल्यावर पाऊस येईपर्यंत हरभरे मी भाजले, कधी कच्चे राहिले, कधी करपले. पोरं चंद्राचं विचारायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी रोज काहीतरी नवं ठोकून देत गेलो.