लेखाखाली फोन नंबर नको

लग्न होऊन मी वर्ध्याला आले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सासर कापडाच्या व्यापारातलं आणि मी त्या घरातली पहिली वकील. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. सून वकील आहे हे त्यांनी बाजारभर सांगून ठेवलं होतं. तरी माझ्याकडे पक्षकार फारसे येत नव्हते आणि त्याचं कोडं त्यांना उलगडत नव्हतं.

“मले सांग बेटा,” एकदा जेवताना ते म्हणाले, “आपल्या दुकानाची पाटी पार चौकातून दिसते. तुही पाटी काऊन एवढीशी?”

वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा माफकच लावावी लागते, असं मी सांगितलं.

“मंग लोकायले कळन कसं?”

“काम पाहून कळतं, मामाजी.”

“अन् काम भेटासाठी पहिले नाव कळाले पाह्यजे ना?”

त्या दिवाळीला दुकानाच्या पिशव्यांवर माझं नाव छापायचं त्यांनी परस्पर ठरवलं. मजकूर छापखान्यात गेलाही होता. मी धावत जाऊन तो थांबवला, तर मामाजी माझ्यावर थोडे रुसलेच.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्या सरांना हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ हसत बसले. मग म्हणाले, “त्यांच्या धंद्यात ते बरोबरच आहेत. पण आपल्याकडे माणूस अडचणीत सापडला की येतो. त्याला हाका मारून बोलवायचं नसतं.”

पुढे बरीच वर्षं माझी पाटी तेवढीच राहिली. आम्ही वर्ध्यालगत पिपरी मेघेला घर बांधलं. धाकट्या नणंदेने कम्प्युटरचा कोर्स केला आणि वरच्या खोलीत इंटरनेट आलं. अशात कोर्टाच्या बाररूममध्ये बातमी आली की नियम थोडा सैल झालाय आणि वकिलांना आता स्वतःची वेबसाइट ठेवता येते. घरी हे बोलायचा अवकाश, नणंद कामाला लागली.

आठवडाभरात तिने वेबसाइट तयार केली. वर हलणारा तराजू, त्याखाली कोट-बँड घातलेला माझा फोटो, शेजारी लुकलुकणारी अक्षरं: ‘खात्रीशीर यश’. खाली मी जिंकलेल्या दाव्यांची माहिती, पक्षकारांच्या नावानिशी. मामाजी चष्मा लावून बघत राहिले आणि म्हणाले, “आता कशी दुकानावानी वाटते.”

सरांना मुद्दाम घरी बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं, चहा घेतला आणि नणंदेला म्हणाले, “मेहनत चांगली केलीस, बेटा. आता पुसायला घे.”

खात्री गेली, यश गेलं, पक्षकारांची नावं गेली, तराजूही गेला. नाव, पत्ता, फोन, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामं करते, नियमात बसणारं एवढंच उरलं. नणंद हिरमुसली. “वहिनी, हे कोण वाचन?”

मलाही ते पान उघडंबोडकं वाटत होतं. मी सरांना विचारलं, “कोर्टाच्या आवारात लोक रोज तेच तेच विचारतात. वारसांची नोंद कशी करायची, समन्स आलं तर काय करायचं. ते सोप्या मराठीत लिहिलं तर?”

सर म्हणाले, “लिही. पण या पानावर नको, वेगळं लिही. खाली फक्त नाव दे. लेखाखाली फोन नंबर नको. नंबर आला की लोक म्हणतील, गिऱ्हाईक शोधायला लिहिलंय.”

नणंदेने मला ब्लॉग काढून दिला. तेव्हा मराठी अक्षरं कुठल्या कम्प्युटरवर नीट दिसायची, तर कुठे नुसत्या चौकटी. उकाड्याच्या संध्याकाळी कूलरसमोर बसून मी सांगायची आणि ती एकेक अक्षर शोधत टाइप करायची. एखादं जोडाक्षर फुटलं की आम्ही वाक्यच बदलायचो. लोक लेखांखाली प्रश्न टाकू लागले. एकाने शेजाऱ्याच्या घटस्फोटाची हकीकत नावगावासकट लिहिली, ती मी लगेच काढून टाकली. बाकीच्यांना बहुतेकदा एकच उत्तर जायचं: कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

एका सकाळी आष्टीकडची एक बाई कोर्टात माझं नाव विचारत आली. नवऱ्यामागे भाजीपाल्याचा मळा तीच सांभाळत होती.

“माही पोरगी नागपूरले राह्यते,” ती म्हणाली. “तिनं फोनवर तुमचं वाचून दाखोलं. तसाच तलाठ्याकडे अर्ज देल्ला. आता दिरानं हरकत घेतली. म्हंते, पोरीचं नाव कायले पाह्यजे?”

“केस मी बघते. पण जिंकूनच देईन असं सांगत नाही.”

“ते बी लिवलं होतं तुमी,” ती म्हणाली आणि पिशवीतले कागद काढू लागली.

सुनावण्या लांबत गेल्या. प्रत्येक वेळी ती पहाटेच्या एसटीने निघायची. शेवटी दिरानेच हरकत मागे घेतली. सातबाऱ्यावर आईच्या नावासोबत लेकीचंही नाव लागलं. त्या दिवशी तिला लेकीसाठी कापड घ्यायचं होतं, म्हणून मी तिला आमच्या दुकानात घेऊन गेले.

मामाजींनी गादीवर बसवून तिला सगळं विचारलं. नाव कुठून कळलं, पोरीने काय वाचलं, सुनावणीत काय झालं. मग महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ही गोष्ट सांगत होते. मी सरांना भीतभीत विचारलं, हे चालतं का? सर म्हणाले, “सासऱ्याच्या तोंडाला लावायचा नियम अजून झाला नाही.”

आता मामाजी नाहीत. सरही गेले. नणंद लग्न होऊन दूर गेली आणि आता फोनला नुसतं बोलून सांगितलं तरी तो टाइप करतो. अक्षरं फुटत नाहीत, काम झटक्यात होतं. पण वरच्या खोलीत कूलर लावला की वाटतं, पूर्वीसारखं खालून मामाजी विचारतील, “झालं का लिवून?” आणि नणंद माझ्याआधीच ओरडेल, “नाई जी, अजून एक शब्द राह्यला.”