गळ्यातली माळ

ती सकाळ विसरता आलेली नाही. तिच्याबद्दल आज लिहितो आहे ते माझ्या घरातही कुणाला ठाऊक नाही.

मनवेलपाड्यातल्या एका चाळीत साप चावून एक बाई दगावली. अकस्मात मृत्यूची नोंद होतेय तोच आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "मास्तरनी परवा चाळीत मण्यार पकडली आणि मागच्याच झुडपात सोडली. व्हिडिओ आहे आपल्याकडे!"

मास्तर म्हणजे वसईतल्या शाळेचे एक ख्रिस्ती शिक्षक. साप पकडायला आम्ही पोलीस त्यांनाच बोलवायचो, त्यातून मैत्री झाली. मी त्यांना सर म्हणायचो. रविवारी फोन केला की म्हणायचे, "साहेब, तुमच्या सापापायी माझी मिस्सा बुडते. फादरना तुम्हीच उत्तर द्या."

मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी. पांढरे पट्टे दोघांनाही. फरक सरांनीच शिकवला होता. "कवड्यांची माळ गळ्यात असते, साहेब. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू. मण्यारीची मान कोरी."

व्हिडिओत पट्टे मानेपासून होते. पाहताक्षणी ओळखलं, कवड्या. पण ठाण्याच्या फाटकाशी चिडलेला जमाव होता आणि बंदोबस्ताला माणसं मोजकी. मी सरांना चौकशीला बसवलं. जमाव पांगला.

"व्हिडिओ बघितलात, साहेब?"

"बघितला."

"मग माळ दिसली नाही?"

शेजारी हवालदार उभे होते. मी म्हणालो, "तज्ज्ञांचा अभिप्राय येऊ दे, सर."

ते हसले. "म्हणजे माझाच विद्यार्थी कच्चा राहिला." पुढचा सगळा जबाब त्यांनी हो-नाहीत दिला.

संध्याकाळपर्यंत त्यांचा फोटो घरोघरच्या मोबाइलवर पोचला होता. शाळेने त्यांना रजेवर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाईच्या मोरीमागच्या विटांखाली मण्यार सापडली. व्हिडिओतला साप कवड्याच, असं तज्ज्ञांनीही कळवलं. सरांना सोडलं. त्यांना पोचवायला मी दारापर्यंतसुद्धा गेलो नाही.

नोकरीत खोटं बोलणारे खूप पाहिले. खरं माहीत असून गप्प बसणाऱ्याला मात्र कुणी आरोपी म्हणत नाही. माझ्या बाबतीत त्या गप्प बसण्याला चोख बंदोबस्त म्हटलं गेलं.

सरांनी साप पकडणं सोडलं. तुंगारेश्वरच्या जंगलात मला दुर्मीळ पोवळा साप दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. पुस्तकातलं त्याचं चित्र मी कितीदा तरी पाहतो. पोवळ्यापेक्षाही, पुढे चालत मागे वळून "पाय जपून, साहेब" म्हणणारे सर हवे असतात. रविवारी फोन वाजला की अजून वाटतं, तेच असतील.

सर वसईतच आहेत. काही पालक त्यांना आजही 'मण्यार मास्तर' म्हणतात. त्या पालकांसमोर उभं राहून, तो साप मी पहिल्याच नजरेत ओळखला होता, हे सांगणं माझ्याकडून बाकी आहे.