न विचारता सांगणारे अण्णा

आमच्या अण्णांवर मार्केट यार्डात कुणाचाच विश्वास नव्हता.

कारण ते कधी फसवायचेच नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील. आज सकाळी गेले.

आमचं गाव मखमलाबादच्या पुढं. नव्वदच्या दशकात अण्णा टोमॅटो घेऊन नाशिकला जायचे. खोकं भरायची सगळ्यांची एकच पद्धत. लाल, गोल, एकसारखा माल वर आणि बारीक, डागी माल खाली. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो खालचं मनात धरूनच भाव बोलतो.

अण्णा उलटं भरायचे. डागी माल वर. "घेणाऱ्याला आधी दिसला पायजे," म्हणायचे.

मग व्यापारी खोक्याकडं बघायचा, अण्णांकडं बघायचा.

"अण्णा, वरच असा माल, मंग खाली काय उंदीर घातलाय का?"

आणि खोकं जमिनीवर ओतायचा. खाली चांगला माल निघाला की त्याचा डाउट आणखी वाढायचा. मग दुसरं खोकं ओतायचा.

आई म्हणायची, "तुमच्या खरेपणानं निम्मा माल मातीत लोळतो."

अशा घरात वाढल्यावर संशय माझ्या अंगातच मुरला. रिक्षावाल्यानं सुट्टे बरोबर दिले तरी मी नोट उजेडात धरून बघते.

माझा अण्णांवरही डाउट होता.

मला लहानपणी आकडी यायची. फिट. पुढं ती थांबली, गोळ्याही बंद झाल्या. लग्नाचं बघायला लागल्यावर मामानं घरात तंबी दिली, "हा विषय कुणी काढायचा नाय. लय झालं."

देवळ्याचं स्थळ आलं. मुलगा मास्तर. खरं सांगायचं तर मला आवडला होता. पोहे झाले, चहा झाला, त्याच्या आत्यानं माझा हात हातात घेतला. मामा खुशीत.

आणि अण्णांनी घसा खाकरला.

"एक सांगून ठेवतो. पोरीला लहानपणी आकडी यायची. आता येत नाय. पण पुन्हा येणारच नाय, असं कुणी डॉक्टर लिहून देत नाय."

आत्यानं माझा हात सोडला.

नकार आला. तोही आकडीमुळे नाही! मध्यस्थ सांगत होता, आत्याबाई गाडीत बसताच म्हणाल्या, "मझार काहीतरी शे."

आत काहीतरी आहे. जो बाप एवढं आपणहून सांगतो, तो लपवत किती असेल!

मी अण्णांशी बोलणं टाकलं. यांना माझं लग्न करायचंच नाही, शेतावर फुकटची मजूर हवी आहे, असं मला वाटायला लागलं.

पुढची स्थळंही तशीच गेली. चहा झाला की अण्णांचा घसा. भावकीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे हिला बाहेरचं आहे, कुणी म्हणे हिचं एक लग्न मोडलंय.

एक दिवस आईचा तोल गेला. "जगात कोणता बाप असं सांगतो? पोर घरात बसवायची का?"

अण्णा जेवत होते. हातातला घास तसाच राहिला.

"न सांगता दिली आन तिकडं फिट आली, तर ती माणसं काय करतील? चप्पल हुंगवतील. दातात चमचा घालतील. भगत बोलावतील. माझी पोर गुदमरून मरंल. लग्न नाय झालं तर नाय झालं."

मी दारात उभी राहून ऐकलं. तरी पुरतं पटलं नाही. बोलायला काय जातंय, असंच मनात आलं.

मग प्रकाश बघायला आला. सातपूरला एका कारखान्यात कामाला होता. चहा झाला. घसा झाला. अण्णांनी सांगितलं.

प्रकाशनं विचारलं, "आली तर काय करायचं असतं?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

अण्णांनी तिथल्या तिथं मामाला सतरंजीवर आडवं केलं. कडक इस्त्रीच्या कपड्यांत! "असं कुशीवर वळवायचं. तोंडात काय घालायचं नाय. दाबून धरायचं नाय. जवळ बसायचं."

प्रकाश उठून मामाजवळ बसला आणि त्यानं स्वतः एकदा करून बघितलं.

होकार आला. आणि मला लगेच डाउट! एवढं ऐकून हो म्हणतो, म्हणजे याच्यातच खोट असणार. दारू? आधीची बायको? मैत्रिणीच्या भावाला कारखान्याच्या गेटवर चौकशीला पाठवलं.

तो परत येऊन म्हणाला, "काही नाही गं. डबा आणतो, काम करतो, घरी जातो."

मला तेही संशयास्पदच वाटलं.

लग्न झालं. वर्षं गेली. आकडी काही आली नाही. अण्णांनी उगाच माझी बदनामी केली, हा राग मात्र आत तसाच होता.

मुलगी तान्ही होती तेव्हाची गोष्ट. नाशकात द्वारका चौकाजवळ भाड्याच्या खोलीत राहायचो. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. मी ओट्यापाशी कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा मी कुशीवर होते. डोक्याखाली प्रकाशचा शर्ट होता. शेजारणी जमल्या होत्या. एकीच्या हातात खरोखरच चप्पल होती.

प्रकाश माझ्याजवळ बसून, हात आडवा धरून तिला सांगत होता, "काकू, लांब व्हा. मला माहितीय काय करायचं."

संध्याकाळी अण्णा आले. माझ्याकडं बघितलंच नाही. प्रकाशला विचारलं,

"कुशीवर?"

"हो अण्णा."

"तोंडात काय घातलं?"

"काहीच नाही."

अण्णा उंबऱ्यातच खाली बसले आणि टोपी तोंडावर धरून ढसाढसा रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

गेल्यावर सगळेच देवमाणूस होतात, असं मीच इतरांच्या पोस्ट वाचून म्हणते. तुम्हीही म्हणा. विश्वास नसेल तर आमच्या गावात जाऊन चौकशी करा.

अण्णा, तुम्ही सांगितलंत म्हणून मी आज हे लिहायला जिवंत आहे.

नीट जा.